खांबावाचूनचं माळवद

शुक्रवार पेठेत सिद्धप्पा गवंड्याच्या कामाला नाव ठेवायला जागा नव्हती. माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, करावं तर त्यानंच. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर चोपून बसवलेली पांढरी माती. उन्हाळ्यात घर गार, पावसात थेंब आत नाही. माणूस मात्र भिडस्त. समोरच्याचा आवाज चढला की याची मान हलायची.

१९२६ साली आमच्या गल्लीत काशम्माचं घर त्यानं बांधलं. काशम्मा तेलुगू विणकराची विधवा. घरात मुलगा, सून कमलम्मा आणि एक हातमाग. मधल्या खोलीत खांब आला तर माग बसत नव्हता, म्हणून खांब नकोच असा तिनं हट्ट धरला. तेवढ्या लांब तुळईला मधे आधार हवा, हे सिद्धप्पाला पक्कं ठाऊक होतं. पण काम हातचं जाईल या भीतीनं तो कबूल झाला. माती वीतभरच ठेवा, नवी टाकण्याआधी जुनी खरवडून काढा, एवढं सांगून त्यानं स्वतःची समजूत घातली. असल्या समजुतींची मला चीड येते.

आमच्याकडे जुनी माती खरवडतो कोण? दर वैशाखात गाढवांवरून पांढरी माती येते, जुन्यावर नवी पसरतात, झालं. काशम्माही तेच करी. सिद्धप्पा रोज तिच्या दारावरून जाई, पण एकदाही शिडी लावून वर चढला नाही.

सातव्या वर्षी हस्ताचा पाऊस तीन दिवस लागून राहिला. चौथ्या दिवशी सकाळी तुळई मधोमध मोडली आणि ओल्या मातीसकट माळवद खाली आलं. कमलम्मा मागावर बसली होती. आम्ही माती उपसून तिला बाहेर काढलं, पण ती गेली होती.

भिंतीलगत टिकून राहिलेला मातीचा थर सिद्धप्पानं हातानं मोजला. तीन वीत भरला. म्हातारीनं माती चढवली, म्हातारीनंच सून मारली, असा गल्लीनं निकाल दिला. काशम्माला तो पटला. तिनं अन्न सोडलं. मुलानं तोंडाशी पेज धरली तरी मान फिरवायची. सिद्धप्पाला कुणी बोल लावत नव्हतं. पुढच्या दोन घरांची कामं ठरलेली होती. तो मूग गिळून बसला.

दहाव्याला सगळे जमले, तेव्हा तो येऊन काशम्मासमोर जमिनीवर बसला.

"अक्का, माती तुमी टाकली, पर खांब मी सोडला. त्याच्याबिगर माळवद टिकनार न्हाय, हे मला तवाच म्हाईत हुतं. न्हाय म्हनायचं काम माझं हुतं."

काशम्मानं मान वर केली. "मग तवा बोलला का न्हाईस?"

"काम जाईल म्हून."

मुलगा त्याच्या अंगावर धावला. आम्ही दोघातिघांनी त्याला आवरलं. त्या संध्याकाळी काशम्मानं मुलाच्या हातून चार घास भात खाल्ला, रडत रडत खाल्ला. मला फार बरं वाटलं.

ठरलेली दोन्ही कामं आठवड्याभरात दुसऱ्या गवंड्याकडे गेली. त्यातलं एक माझं होतं. नवा गवंडी मी म्हणेन त्याला हो म्हणत होता.