ओल झाकणारे राजे

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. आमच्या घरात सही आणि परीक्षेचा पेपर यांपलीकडे काही लिहिणारा मीच पहिला. कॉलेजात इतिहास घेतला आहे, पण राजांविषयी लिहावं इतकं मला येत नाही. तरी लिहितो आहे. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

सुट्टीच्या दिवशी मी राज्याच्या सीमेपलीकडच्या इचोड्याच्या एका फ्लेक्सच्या दुकानात मराठी मजकूर टाइप करून देतो. मालकांना मराठी समजतं, पण लिहिता येत नाही, आणि आमच्याकडच्या गावांना लग्नाचे बॅनर मराठीतच लागतात. एका लॉजवाल्याने तिथे जुन्या राजघराण्यातली चित्रं कॅनव्हासवर छापून मागितली होती. तीन चित्रांचं माप चुकलं आणि ती कोपऱ्यात पडून राहिली. दोन राजे, एक राणी.

"ले जा, तू तो पढ़ने वाला है," मालक म्हणाले.

मला ती हवीच होती. त्या आठवड्यात ताईला बघायला पाहुणे यायचे होते. मुलगा शिक्षक. लग्नानंतर बी.एड. पूर्ण कर, असा त्याने निरोप पाठवला होता आणि ताईने हे स्थळ मनात पक्कं धरलं होतं. आमच्या समोरच्या खोलीत तोवर छतापर्यंत कापूस भरलेला होता. तो विकला गेला तेव्हा मागची भिंत दिसली. खालपासून ओल चढलेली, पोपडे सुटलेले. बाबांनी चुना दिला, दोन दिवसांत डाग परत वर आले. मी त्या डागांवर तिन्ही चित्रं लावली.

लावताना ती पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिली. मोठ्या राजाच्या गळ्यातला एकेक मोती चित्रकाराने वेगळा रंगवला होता, प्रत्येकावर उजेडाचा ठिपका. पाय मात्र घाईत काढलेले, दोन्ही उजवेच वाटत होते. त्याला मोत्यांचे पैसे मिळत असतील आणि पायांचे नाही, असं मला वाटून गेलं. राणीच्या हातात फूल होतं, पण ती बघत होती चौकटीबाहेर. कोणाकडे? खाली कुणाचंच नाव नव्हतं. फोनवर शोधलं तर एकाच राजाची तीन नावं निघाली. कॉलेजातल्या सरांना फोटो दाखवला. ते पगडी बघून एक घराणं सांगत, तलवार बघून दुसरं.

माय चूल सोडून बघायला आली.

"कोन वारलं हे?"

"राजे आहेत, माय. जुने."

"म्हंजे वारलेच न! मंग बिनाहाराचे काऊन टांगले?"

आमच्याकडे जिवंत माणसाचा फोटो भिंतीवर लावत नाहीत. मायने उरलेल्या कापसाचे हार वळले, त्यांना कुंकवाची बोटं लावली आणि तिघांच्याही गळ्यात घातले. काढ म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि आजोबा. आजोबांनी आत येताच टोपी काढली, मोत्यांच्या राजाला हात जोडले आणि बाबांना विचारलं, "तुमचे आजे का?"

स्थळ आणणारे आमचे मामा मोठ्याने हसले. "मोती कुठले आमच्या घरी, बुवा! आमी कापसाचे राजे."

सगळे हसले, आजोबा सोडून. "मंग कोन हाय?"

"पोरगा कॉलेजात शिकून राह्यला," बाबा अभिमानाने म्हणाले. "सांग रे."

तीन नावं माझ्या तोंडाशी होती. एकही खात्रीचं नव्हतं.

"माहीत नाही, आजोबा."

"माहीत नाही? मंग लावले काऊन?"

 तोवर ताई चहा घेऊन आली होती. तिने ट्रे खाली ठेवला.

"भिंतीले ओल हाय, आजोबा. ते झाकाले लावले माया भावानं."

"ए पोट्टे!" मामा दबक्या आवाजात म्हणाले. बाबांनी मान खाली घातली. आजोबा उठले, कॅनव्हासचा कोपरा उचलून त्यांनी भिंतीवर अंगठा दाबला. एक पोपडा त्यांच्या धोतरावर पडला. तो झटकून ते बसले, चहा प्याले आणि 'कळवतो' म्हणून सगळे गेले.

पंधरा दिवस काहीच कळलं नाही. ताई मला चिडवायची, "तुया राजानं पावने पयवले." पण फोन वाजला की तिचा झाडू थांबायचा. मी चित्रं काढायला निघालो तर माय म्हणाली, हार घातलेल्याला असं उतरवत नाहीत. मग मी रोज त्या राणीकडे बघायचो. तेव्हा कुठलंही एक नाव ठोकून दिलं असतं तर? आजोबांनी पुढे विचारलंच नसतं आणि ताईला बोलावं लागलं नसतं.

गेल्या रविवारी मामा पाहुण्यांच्या गावाहून, गुडीहत्नूरहून, गाडीवर आले. अंगणातूनच, हेल्मेटही न काढता, ओरडले, "होकार हाय! पोरीची यंदाची परीक्षा झाली का लगीन." ताई दारात आली होती, ती तशीच आत पळाली.

मग मामा माझ्याकडे वळले. "अन् तू तो मोत्यावाला राजा बांधून ठेव. पोराचे आजोबा म्हने, आमच्या भिंतीले बी ओल हाय."