पाटीपलीकडचा पाव

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते आणि दरवर्षी व्यापारवादाचा धडा आला की माझं डोकं तापतं. काही शतकांपूर्वी युरोपातल्या राजांनी आणि व्यापाऱ्यांनी ठरवलं, की सोनं-चांदी म्हणजेच संपत्ती. आपला माल बाहेर भरपूर विकायचा, बाहेरचा जेमतेम घ्यायचा, की तिजोरी भरली. त्या हट्टापायी वसाहती झाल्या, आपला कापूस तिकडे गेला आणि त्याचंच कापड आपल्या गळ्यात मारलं. पुढच्या विचारवंतांनी ही कल्पना खोडून काढली, असं मी फळ्यावर लिहिते. खोडली कुठे? आमच्याच ग्रामसभेत ती मांडी ठोकून बसलेली मी पाहिली.

ठराव माझ्या सख्ख्या चुलत्यानं मांडला. "गावचा पैसा गावातच ऱ्हायला पायजे. बाहेरच्या फेरीवाल्यांना बंदी!" टाळ्या पडल्या. आता आमच्याकडे फेरीवाला म्हणजे पौडहून स्कूटरवर पाव-खारी आणणारा चाचा. मी शाळेत होते तेव्हापासून तो येतोय. आमच्या गावावरच त्याचं घर चालतं.

मी उभी राहिले. "तात्या, आपला इंद्रायणी तांदूळ तुमी नांदे गावातल्या सोसायटीच्या गेटवर इकताय. तितं तुमी कोण? बाहेरचेच की."

"आपण इकायचं, घ्यायचं न्हाई. त्यातच फायदा हाय," चुलता म्हणाला.

"मग आवणीला सावड कशाला करता?" भातलावणीला आमच्याकडे आज तुम्ही माझ्या खाचरात, उद्या मी तुमच्या, असंच चालतं. "समद्यांनी नुसती माणसं बोलवायची आन् कुणाच्या खाचरात जायाचं न्हाई म्हणलं, तर भात लागंल कुणाचं?"

दोन-चार माना डोलल्या. मला वाटलं, जिंकले.

"तू कॉलेजात शिकीव, हितं नको," चुलता गुरगुरला आणि ठरावाच्या बाजूनं भराभर हात वर झाले. मला इतका संताप आला, की घरी आल्यावर जेवणच गेलं नाही.

दोनच दिवसांत वेशीवर बंदीची पाटी लागली. चाचा पाटीपलीकडे स्कूटर लावून खाली मान घालून उभा होता. मला बघून म्हणाला, "जाऊ दे पोरी, माझ्यापायी घरात भांडण नको."

मी पावाचा क्रेट उचलून डोक्यावर घेतला आणि वेशीतून आत शिरले. पहिली आरोळी चुलत्याच्याच दारात ठोकली. तो तावातावानं बाहेर आला.

"आडवा मला आता, तात्या," मी म्हटलं. "बंदी बाहेरच्यांना हाय. मी हितलीच हाय."