गढूळ पाण्याचं पिंप

शारजात पाऊस पडला की शाळा लवकर सोडतात, ऑफिसातली माणसं खिडकीपाशी जमतात आणि हौशी कुटुंबं गाडी काढून साचलेलं पाणी बघायला जातात. अशा गावात माझ्या नवऱ्याने गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवायचं ठरवलं. पुण्यात असताना सोसायटीने हेच काम करा म्हणून त्याला किती विनवलं होतं. तेव्हा साहेबांना वेळ नव्हता.

आता वेळच वेळ होता. तो इमारतींच्या ड्रेनेजचा इंजिनियर. २००८ची मंदी आली, क्रेन जागच्या जागी थांबल्या आणि त्याच्या कंपनीने त्याला ‘लाँग लीव्ह’वर पाठवलं. पगार नाही, परतायची तारीख नाही, पण नाव काय झोकदार! घरात तेच रुळलं. मुलीला सांगितलं, बाबा लाँग लीव्हवर. पुण्याला सासूबाईंना सांगितलं, लाँग लीव्हवर. दुबईत अल मनखूलला राहणारा त्याचा जुना मित्र दर शुक्रवारी फोन करायचा, त्याला ठरलेलं उत्तर, “प्रोजेक्ट जरा होल्डवर आहे रे, बाकी मजेत.”

त्या मित्राच्या कंपनीत अजून माणसं घेत होते. पण मजेत सुट्टीवर असलेला माणूस नोकरी मागणार कशी? नोकरी गेली हे वाक्य त्याच्या तोंडून निघत नव्हतं, म्हणून तो कुणाकडे शब्द टाकत नव्हता. आणि मार्चमध्ये मुलीची परीक्षा झाली की आम्ही दोघी पुण्याला जाणार, हा इथे कुणाच्या तरी खोलीत एक कॉट भाड्याने घेऊन राहणार, हे एकमेकांशी न बोलताच ठरत चाललं होतं. मला त्या मार्चची फार भीती वाटायची. ती भीती मी भांड्यांवर काढायचे.

आम्ही एका जुन्या व्हिलाच्या तळमजल्यावर राहायचो. मागे चादरीएवढी माती होती आणि तिथे मी अळू लावलं होतं. एक दिवस मी त्याला पाणी घालत असताना नवरा मागे येऊन उभा राहिला.

“समुद्राचं पाणी गोडं करून नळाला येतं, आणि तू ते अळूला ओततेस?”

झालं. त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंग पसरली. रिव्हिजन वन, रिव्हिजन टू. रिव्हिजन फोरच्या कडेला अंग चोरून आम्ही पोळीभाजी खाल्ली. मग औद्योगिक क्षेत्रात पिंपं आणायला गेलो. दुकानदार रत्नागिरीचा. पावसासाठी पिंपं हवीत म्हटल्यावर त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

“दोन-दोन? हबीबी, इथला पाऊस बाटलीत मावतो. पण घेऊन जा, इन्शाल्ला भरतील.”

“दोन कशाला?” घरी आल्यावर मीही विचारलं.

“पहिला पाऊस गच्चीवरची धूळ धुतो. ते गढूळ पाणी पहिल्या पिंपात जाणार. ते काठोकाठ भरलं की मगच स्वच्छ पाणी दुसऱ्यात. बेसिक आहे गं.”

“अरे, अळूला स्वच्छ पाणी कशाला हवंय? आमच्याकडे ते न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढतं.”

“प्रोसिजर म्हणजे प्रोसिजर.”

शिवाय इथली धूळ वाळवंटातली, म्हणून गढूळ पाण्याचं पिंप त्याने मुद्दाम मोठं घेतलं होतं.

जानेवारीत एका शुक्रवारी सकाळी पाऊस आला. नवरा बर्म्युडा आणि डोक्यावर साइटचं हेल्मेट अशा थाटात धावला. हेल्मेट कशाला, असं विचारायचं नाही. पाइप गुरगुरला आणि चहाच्या रंगाचं पाणी पहिल्या पिंपात पडू लागलं. “येतंय, येतंय!” तो ओरडत होता. इतक्या महिन्यांत त्याचा आवाज मी असा ऐकला नव्हता. मलाही उगाचच वाटलं, भरू दे बाबा एकदाचं.

पहिलं पिंप निम्मं झालं आणि पाऊस थांबला. ऊन पडलं. प्रोसिजरप्रमाणे वर्षाचा सगळा पाऊस गढूळ पाण्यात जमा झाला होता आणि बागेसाठीचं दुसरं पिंप ठणठणीत कोरडं होतं.

मुलीने दोन्हींत वाकून बघितलं. “सो द सिस्टिम वर्क्ड, बाबा?”

मी फस्सकन हसले. तो हसला नाही. तेवढ्यात मित्राचा फोन आला. हात ओले, म्हणून त्याने तो स्पीकरवर टाकला.

“काय राव, पाऊस! भरली का तुझी टाकी?”

आता “टेस्टिंग चालू आहे” ऐकायची मी तयारी केली. त्याने तोंडही उघडलं होतं. मग तो कोरड्या पिंपाकडे बघत राहिला.

“नाही भरली. रिकामी आहे,” तो म्हणाला. “आणि ऐक ना. ती लीव्ह वगैरे काही नाहीये. नोकरी गेलीये माझी. तुमच्याकडे काही असेल तर सांग. सुपरवायझरचं असलं तरी चालेल.”

मित्र म्हणाला, “सीव्ही पाठव आजच्या आज. काय असेल ते बघतो. कधी विचारतोस याचीच वाट बघत होतो मी.”

फोन ठेवल्यावर मुलगी तिथेच उभी आहे हे त्याच्या ध्यानात आलं.

“आय नो, बाबा,” ती म्हणाली. “इट्स ओके. एव्हरीवन नोज.”

त्याने हेल्मेट काढलं. पहिल्या पिंपात बादली बुडवली आणि ते फेकून द्यायचं गढूळ पाणी अळूच्या मुळाशी ओतलं. एक झकास टोमणा माझ्या ओठांवर आला होता, पण तो मी तसाच ठेवला. नोकरी मिळणार की नाही, मार्चमध्ये कोण कुठे असणार, काहीच ठरलं नव्हतं. मी दुसरी बादली आणायला आत गेले.