वितीवर एक टाका

बेबीमावशींचा फोन आला तेव्हा मी कोपरीच्या बाजारात शेपूची जुडी निवडत होतो. मावशी डोंबिवलीला श्रीकांतकडे कामाला, सुनंदावहिनींचं सगळं करायला. नऊला येतात, एकला जातात. "काका, तुमी लवकर या. भाऊ सैपाकघरात पडलेत, उठवून उठत नाहीत..." मी पोचलो तोवर डॉक्टर येऊन गेले होते. ओट्यावर वहिनींसाठी शिजवलेली पेज तशीच होती, पातेल्यावर गाळणी ठेवलेली. आतल्या खोलीत वहिनी पलंगावर, तोंड दाराकडे. तो पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. हाका मारल्या होत्या. मावशी किल्लीने दार उघडून आत येईपर्यंत त्या नुसत्या हाकाच मारत होत्या. नऊ वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू लुळी पडली, त्यामुळे दुसरं काही करणं त्यांच्या हातात नव्हतं. श्रीकांतला जाऊन आता सात आठवडे झाले. त्या हाका मी ऐकलेल्या नाहीत, तरी रोज ऐकतो.

श्रीकांत आणि मी कोपरीतल्या एकाच चाळीतले. शनिवारी संध्याकाळी सॅक पाठीला लावायची आणि सोमवारी पाय सुजवून परत यायचं, असं आमचं लग्नाआधीचं आणि नंतरचंही आयुष्य. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, तो मानपाड्याच्या बाजूला एका कापडाच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करायचा. हिमालयात एकदा जायचं, बर्फाशेजारी झोपायचं, हे त्याचं ठरलेलं होतं. मग वहिनींचं हे झालं आणि त्याने नोकरी सोडली. मूलबाळ नव्हतं. नऊ ते एक हा त्याचा बाहेरचा वेळ. त्यात औषधं, भाजी, बँक. "मला चार तासांचा व्हिसा आहे रे," असं हसून सांगायचा. मी पण हसायचो. पहिली दोन वर्षं तरी.

घरात बसून त्याने वहिनींचं शिलाई मशीन ताब्यात घेतलं. आधी सॅक शिवली, मग उल्हासनगरहून कापड आणून तंबू. आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये निम्म्या लोकांच्या पाठीवर श्रीकांतचं सामान असे आणि श्रीकांत गॅलरीत. गॅलरीला खालपासून वरपर्यंत ग्रिल, त्याच्या आत मशीन, त्याच्या मागे तो. मला त्याचा राग यायचा. एकदा बोललोही, "बाकीच्यांना डोंगरावर पाठवायचा कारखाना काढलायस का?" तो दोरा ओवत होता. म्हणाला, "मग काय करू, तूच सांग."

पुढे त्याचा तो जुना कारखाना बंद पडला तेव्हा गोदामात नमुन्यासाठी मागवलेल्या अल्पाकाच्या लोकरीचं एक पोतं पडून होतं. अल्पाका म्हणजे तिकडे पेरूच्या डोंगरांतला प्राणी, उंटाच्या नात्यातला, मेंढीपेक्षा थोडा मोठा आणि लांब मानेचा. बाकीचे लोक टेबलफॅन आणि खुर्च्या घेऊन गेले, यानं ते पोतं मागून घेतलं. "विन्या, हात घाल आत," म्हणाला. मी घातला. मऊ, हलकी, आणि दोन मिनिटांत हात गरम. या लोकरीची थंडीत पांघरायची रजई करायची, दमट हवेतही ऊब धरणारी, गुंडाळली की सॅकमध्ये मावणारी, हे त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

लोकर पिंजायला आम्ही विठ्ठलवाडीला गाद्या करणाऱ्या एका चाचांकडे गेलो, अर्थात नऊ ते एकमध्ये. चाचांनी मूठभर लोकर घेतली, दाबली, सोडली. "साहब, ये कपास नहीं है. ये पकड़ता नहीं, फिसलता है. टाँके पास-पास मारना." श्रीकांतने मान हलवली आणि घरी येऊन नेमकं उलटं केलं. त्याचे वडील घरच्या गाद्या स्वतः भरायचे, वितीवर एक टाका. कापूस कापसाला धरून राहतो, म्हणून गादीला विती-वितीवर टाके पुरतात. त्याच सवयीने त्याने रजईलाही वितीवर टाका घातला. शिवाय टाका जितका कमी तितकी थंडी आत शिरायला भोकं कमी, असा त्याचा हिशेब. मी शेजारीच बसलेलो. चाचांचं वाक्य मलाही आठवत होतं, पण शिवणकामातलं आपल्याला काय कळतं म्हणून गप्प राहिलो.

तपासणार कुठे? डोंबिवलीत, भर मे महिन्यात, तो रजई घेऊन गॅलरीत आडवा झाला. कपाळावरून घाम वाहतोय, बाजूला ग्रिलला टॉवेल वाळत घातलेले. "ऊब येते रे!" "अरे बाबा, आज चादरीतही येईल." आतून वहिनी हसल्या होत्या. पण त्याने डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडले नाहीत... तो कुठे होता ते आम्हाला कळत होतं.

त्या ऑक्टोबरमध्ये मी हिमाचलला जायला निघालो आणि त्याने रजई माझ्या हातात ठेवली. "मी जाऊ शकत नाही, निदान ही जाऊ दे. एकच कर. आल्यावर मला खरं सांग." बर्फाच्या रेषेजवळच्या तंबूत पहिल्याच मुक्कामाला सगळी लोकर घसरून पायाशी गोळा झाली. पाय भट्टीत आणि खांद्यावर नुसती दोन कापडं. चार रात्री मी दोन स्वेटर आणि जाकीट घालून कुडकुडत काढल्या. परत आल्यावर आधी माझ्या घरी रजई पलंगावर पसरली, थोपटून थोपटून लोकर वर सरकवली, कुठे कळणार नाही अशी सारखी केली, आणि मग डोंबिवलीला गेलो.

तो दारातच उभा होता. "कशी होती?" "एकदम फर्स्टक्लास." चहा ठेवताना, पाठमोराच, "खांद्यापाशी?" "ऊबदार." निघताना मी चपला पायात घालून होईपर्यंत थांबला. "विन्या, खांद्यापाशी पण ना?" मी म्हणालो, "अरे हो रे, किती विचारशील!" त्या बंद गॅलरीत वर्षभर खपून केलेली वस्तू फसली, हे त्याच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. याला मी त्या वेळी माया समजत होतो.

त्यानंतर त्याने मला रजई कधीच दिली नाही. माझं खोटं निभवायला मी दोनदा मागितली, दोनदा त्याने विषय बदलला. मी आपला फुगून बसलो. शेवटच्या दोन वर्षांत माझ्या डोंबिवलीच्या फेऱ्या कमी झाल्या त्याचं खरं कारण हेच. त्याला मात्र फुगून बसायलाही दुसरं घर नव्हतं.

परवा वहिनींना भेटायला गेलो. त्यांची बहीण आता त्यांच्यापाशी राहायला आलीय. वहिनींनी डाव्या हाताने कपाटाकडे बोट दाखवलं. "भावजी, ती रजई तुम्ही न्या. तुमच्यासाठीच ठेवली होती त्यांनी." मी ती काढून पलंगावर उलगडली. पायाकडे तेच वितीवरचे टाके, पांढऱ्या दोऱ्याचे. पण खांद्याकडे निळा दोरा होता, आणि टाके चार-चार बोटांवर, एका ओळीत, जवळजवळ. मी निळ्या दोऱ्यावरून बोट फिरवलं.

"हे कधी केलं?"

"तुम्ही आणून दिलीत ना, त्याच दुपारी उसवायला घेतली. हातात घेतल्या घेतल्या कळलं त्यांना." वहिनी एकेक शब्द सावकाश बोलतात. "लोकर गोळा होऊन परत पसरलेली होती म्हणाले. विन्या स्वतःहून सांगेल तेव्हाच ती त्याला द्यायची, म्हणाले."

मला राग आला. स्वतःचा यायला हवा होता, पण आधी त्याचाच आला. "मग मला विचारायचं नाही का त्याने?"

"विचारलं की, भावजी. तीनदा विचारलं."

पंखा फिरत होता. बाहेर गॅलरीत मशीनवर त्याने शिवलेली खोळ घातलेली होती. तो जाऊ शकत नव्हता, म्हणून माझे खांदे त्याने पाठवले होते; तिथे नेमकं कुठे गार लागलं एवढंच त्याला हवं होतं, आणि ते मी त्याला दिलं नाही. दुरुस्त केलेली रजई पुढे थंडीत कधी गेलीच नाही. ते चार बोटांवरचे टाके बरोबर आहेत की नाही, हे त्याला कळलं नाही ते नाहीच.

मी पलंगाशेजारी स्टूल ओढलं. "वहिनी, खांद्याला गार लागलं होतं. फार गार लागलं होतं."

"कुठे?" त्यांनी विचारलं, अगदी त्याच्यासारखं.

मी त्यांचा डावा हात उचलून निळ्या टाक्यांवर ठेवला. "इथे."