हिरवा ठिपका आणि नेटवर्कची टेकडी

"आजबी आला. फोन हिसकून झुडपात फेकला. मनगट पिरगळलं. म्हणे, पुढच्या टायमाले तुले उचलूनच नेतो."

शनिवारी दुपारी ही तक्रार माझ्या स्क्रीनवर आली. तीन आठवड्यांतली त्याच बाईची तिसरी. आणि मी काय केलं? टेम्प्लेट पाठवलं. टेम्प्लेट म्हणजे आधीच लिहून ठेवलेलं उत्तर, बटण दाबलं की जातं. 'आपली सुरक्षितता आमच्यासाठी महत्त्वाची आहे. चोवीस तासांत ॲपवरच आमचं उत्तर पाहावं.' पहिल्या दोन तक्रारींनाही मी हेच पाठवलं होतं. सवयीने बोट गेलं. तक्रार नीट वाचली ती नंतर.

मी एका डेटिंग ॲपच्या सेफ्टी टीममध्ये आहे. ॲपवर भेटलेला माणूस छळायला लागला, की तक्रार आमच्याकडे येते. ऑफिस पुण्यात, मी भद्रावतीत, घरून काम. बाबा आयुध निर्माणीत आहेत, म्हणून कॉलनीतलं क्वार्टर. शेजारी विचारतात तेव्हा बाबा 'मुलगी सेफ्टीत आहे' एवढंच सांगतात. शेजाऱ्यांना वाटतं मी हेल्मेट आणि आगीच्या बादल्या तपासते. बाबा ती समजूत दुरुस्त करत नाहीत. आईचं दुःख वेगळं. दुनियेच्या जोड्या सांभाळणारी पोरगी स्वतः बत्तीस वर्षांची आणि बिनलग्नाची, हे ती भाजीवाल्यालाही सांगते.

तर त्या बाईला इथे मंदा म्हणू. भामरागडच्या पलीकडे एका उपकेंद्रात नर्स. सात गावं तिच्याकडे. ॲपवर तिची एकाशी ओळख झाली. रस्त्याच्या कामावरचा सुपरवायझर, कॅम्प तिच्या गावापासून बारा किलोमीटरवर. दोन महिने गोड बोलला. मग फोन तपासू लागला, मग कानाखाली मारली. तिने त्याच दिवशी संबंध तोडले आणि त्याला ब्लॉक केलं. शहाणी बाई. एरवी लोक सहाव्या कानाखालीपर्यंत थांबतात.

पण तो नेमका येत होता. गावात नाही, घरी नाही. गावाबाहेरच्या टेकडीवर. ती लसीकरणाचे आकडे मोबाइलवरून पाठवायला टेकडीवर चढायची, आणि वीस मिनिटांत याची मोटरसायकल हजर. कधी सकाळी, कधी दुपारी. तिची वेळ ठरलेली नव्हती, तरी तो चुकत नव्हता.

संध्याकाळी मी आमच्या टीम लीडला फोन लावला. केतकी, पुण्याची. मनाने चांगली, पण बोलताना दर वाक्यात प्रॉडक्ट येतं.

"तिचं लोकेशन ऑन आहे का?" केतकीने विचारलं.

"ऑफ. पहिल्या दिवसापासून. अंतर दाखवणंही बंद."

"ब्लॉक?"

"केलंय."

"मग आपल्या बाजूने प्रॉडक्ट सेफ आहे."

"प्रॉडक्ट सेफ आहे ग, बाई नाही."

"तिला सांग, एकटीने बाहेर पडू नकोस."

"ती नर्स आहे, केतकी. घरात बसून सुया टोचायच्या का तिने?"

केतकी म्हणाली, "कोणीतरी लोकल माणूस त्याला खबर देत असणार."

मलाही पटलं. मंदानेही दुसऱ्या तक्रारीत लिहिलं होतं, की सोबत राहणाऱ्या आशाताईवर माझा संशय आहे. तिघींचं एकमत झालं. काहीच सुचत नसलं की गावातल्या माणसावर ढकलावं, हे फार सोयीचं असतं.

रविवारी सकाळी आई ओसरीत अंबाडीची भाजी निवडत बसली होती. मांडीवर मोबाइल. एकदम ओरडली, "अवो, धावा! मामा टेकडीवर चढला. लाव लवकर फोन, उतरला का मंग चार दिवस सापडत नाई!"

माझा मामा एटापल्लीकडच्या एका खेड्यात राहतो. मी फोन लावून दिला. आईने त्याला दहा मिनिटं झापलं, मग त्याच्या गुडघ्यांची चौकशी केली. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "आई, तुला कसं कळलं तो टेकडीवर आहे?"

"ऑनलाइन दिसला ना."

"मग?"

"मंग काय? त्याच्या गावात टेकडी सोडून नेटवर्क हाय कुठी? ऑनलाइन आला म्हणजे टेकडीवर आला." आईने माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. "एवढी शिकली तू, अन् एवढंबी समजत नाई? पगार काऊन देतात तुले?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तशीच उठले आणि लॅपटॉप उघडला.

आमच्या ॲपवर माणूस ऑनलाइन आला, की त्याच्या फोटोशेजारी हिरवा ठिपका लागतो. ॲप उघडावंही लागत नाही. फोनला नेटवर्क मिळालं, की ठिपका आपोआप लागतो. पुण्यात त्या ठिपक्यावरून काही कळत नाही. माणूस रिक्षात असेल, नाहीतर मिसळ खात असेल. मंदाच्या गावात मात्र हिरवा ठिपका म्हणजे पत्ता. कॅम्पवर नेटवर्क होतं. तो तिथे खाटेवर पडून ठिपका बघायचा आणि किक मारायचा.

ब्लॉक केलेल्याला ठिपका दिसत नाही, हे खरं. म्हणून मी तिचं प्रोफाइल रोज कोण उघडतं ते पाहिलं. कमळाच्या फुलाचा फोटो लावलेलं एक खातं दिवसभर तिच्याच दारात बसलेलं. ब्लॉक झाल्याच्या दुसऱ्या दिवशी उघडलेलं. मोबाइल तोच, सुपरवायझरचा.

मग मला खरी गोष्ट दिसली, आणि मला माझीच लाज वाटली. मंदा हे ॲप केव्हाच काढून टाकणार होती. पहिल्या तक्रारीत तिने तसं लिहिलंही होतं. तिने ते ठेवलं, कारण आमचं उत्तर फक्त ॲपवर येणार होतं. तसं मीच तिला तीनदा कळवलं होतं. तिचा फोन टेकडीवर हिरवा होत होता तो माझ्यामुळे. आणि काल मी चोवीस तासांचा वायदा केला होता. म्हणजे ती आज नाहीतर उद्या पुन्हा चढणार, आणि या वेळी तो तिला उचलून नेणार होता.

तिला सावध कसं करायचं? ॲपवर लिहिलं तर ते वाचायला टेकडी. एसएमएसलाही टेकडी. फोन तर लागणारच नाही. तिला वाचवायला जे काही करावं, ते तिला टेकडीवरच बोलावत होतं.

कमळाचं खातं मी बंद केलं. पण त्याला नवं उघडायला दहा मिनिटं पुरली असती. ठिपकाच विझायला हवा होता. इंजिनिअरला फोन केला. तो म्हणाला, "बदल होईल, पण दोन आठवड्यांनी. आज रविवार आहे, मॅडम."

माझ्या हातात एकच बटण होतं. बॅन. खातं बंद केलं की ठिपका लागत नाही. मी मंदाचं खातं बंद केलं.

बॅन करताना कारण निवडावं लागतं. यादीत चार कारणं. खोटं प्रोफाइल, अश्लील फोटो, वय कमी, जाहिरातबाजी. 'तिच्या भल्यासाठी' असं कारण कंपनीला सुचलेलं नाही. मी जाहिरातबाजी निवडलं. त्यातल्या त्यात तेच जरा इज्जतीचं वाटलं.

सोमवारी सकाळी केतकीचा फोन. "तू तक्रार करणाऱ्या बाईलाच बॅन केलंस? चोर सोडून संन्याशाला फाशी?"

मी तिला टेकडी समजावली. मामासकट. तिला वेळ लागला. "म्हणजे घरात नेटवर्कच नाही?" असं तिने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तिचा आवाज बदललेला होता.

"तिला कळवणार कसं?"

"बुधवारी तिची तालुक्याला मीटिंग असते. दुसऱ्या तक्रारीत लिहिलंय. तिथे फोन लागेल."

"आपण यूजरला फोन करत नाही. पॉलिसी आहे."

"माहीत आहे."

केतकीने घसा साफ केला. "बुधवारी दुपारी मी दिवसभर मीटिंगमध्ये आहे. मला काही विचारू नकोस."

दुपार दिवसभर कशी असते हे मी विचारलं नाही. केतकीबद्दल मला त्या दिवशी पहिल्यांदा प्रेम वाटलं.

ते दोन दिवस मला जेवण गेलं नाही. माझं गणित चुकलं असेल तर? खबर देणारी खरंच आशाताई असेल तर? मी उलट मंदाचा ॲपवर तक्रार करायचा रस्ताही बंद करून बसले होते. आईने दोनदा विचारलं, "पोरगाबिरगा हाय का कोनी?"

बुधवारी अकरापासून मी दर पंधरा मिनिटांनी फोन लावत होते. एकच्या सुमाराला लागला. मी कंपनीचं नाव घेतलं मात्र, मंदा सुटली.

"मॅडम, मारते तो, अन् अकाउंट माहं बंद? कोनती जाहिरात केली मी? ग्लुकोजची का डासांच्या जाळीची? तक्रार केली हेच चुकलं काय माहं?"

मी सगळं ऐकून घेतलं. बोलली ते काही खोटं नव्हतं. मग विचारलं, "तुम्हाला कधी कळलं, बंद झालं ते?"

"सोमवारी. आकडे पाठवाले वर गेली होती. पाहते तर बंद! अर्धा पाऊन तास तिथीच बसली, तुमच्या कंपनीले मेलवर शिव्या लिहत."

"पाऊण तास?"

"हो."

"आणि तो आला?"

पलीकडे मीटिंगला आलेल्या बायकांची बडबड चालू होती.

"नाई," ती हळूच म्हणाली. "नाई आला, मॅडम."

मग मी तिला ठिपका समजावला. एका वाक्यात कळला तिला, केतकीसारखा वेळ लागला नाही. ती म्हणाली, "म्हनजे माहाच फोन त्याले बोलवून राह्यला होता?"

"तुमचा नाही. आमचं ॲप. आणि ते तुम्हाला ठेवायला लावलं मी. चूक माझी आहे, मंदाताई."

"ते राहू द्या," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "आशाताईसंग तीन हप्ते बोलली नाई मी. एका चुलीवर जेवतो आम्ही, अन् मी तिले चोर समजली."

त्याच दुपारी ती ठाण्यात गेली. सोबत मीटिंगमधले डॉक्टर होते आणि आशाताई होती, न बोलावता आलेली. गुन्हा नोंदला गेला. पोलिसांचं पत्र आल्यावर कंपनीने कमळाच्या खात्याचा सगळा हिशेब दिला, मंदाचा ठिपका कधी लागला आणि त्या खात्याने तो कधी पाहिला. त्याला अटक झाली, ठेकेदारानेही कामावरून काढलं. मंदा आता आकडे पाठवायला हवं तेव्हा टेकडीवर जाते. आमचं ॲप तिने पुन्हा घेतलं नाही. मीही आग्रह केला नाही.

इंजिनिअरच्या दोन आठवड्यांचे दोन महिने झाले, मग कंपनीने बदल केला. तक्रार केली की ठिपका आपोआप विझतो, आणि उत्तर कुठे, कधी हवं ते तक्रार करणारा सांगतो. त्याला भारदस्त इंग्रजी नाव दिलं आणि केतकीने त्यावर भाषण केलं. भाषणात एक टेकडी होती. मामा नव्हता. माझे मात्र बॅन केलं त्या महिन्याचे गुण कापले गेले. शेरा असा: 'चुकीच्या यूजरला बॅन.' तो शेरा अजून तसाच आहे.

या सगळ्यातून मी एकच गोष्ट शिकले. तक्रार आली की हल्ली मी आधी विचारते, "आमचं उत्तर वाचायला तुम्हाला कुठे जावं लागतं?" शहरातले लोक बहुतेक हसतात. परवा पुण्याच्या एका बाईंना विचारलं. भरपूर नेटवर्क, चौथ्या मजल्यावर घर. त्या हसल्या नाहीत.

"बाथरूममध्ये," त्यांनी लिहिलं. "नळ सोडून. त्याला वाटतं मी अंघोळ करतेय."