भुंड्या हातांची साक्ष

ये ग, इकडे ये, जवळ बस अशी. कागदावरून बोलावतेय म्हणून लांब बसायचं काही कारण नाही. आणि आधी चार शब्द ऐकून घे. इथं जर्मनीत, आखनला शिकायला येऊन तुला आठ महिने झाले. आखनहून बॉबलिंगेनला यायचं म्हणजे काय पृथ्वीप्रदक्षिणा आहे का? दिवाळीला फोनवर म्हणालीस, "गाड्या फार लेट असतात, मामीआजी." असतात ग. पूर्वी नसायच्या, आता असतात. पण आठ महिने लेट असलेली गाडी मी तरी अजून पाहिलेली नाही.

खरं कारण मला ठाऊक आहे. तुझा बाबा, म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा, माझ्याशी बोलत नाही, कारण मी इंग्लंडच्या कोर्टात त्याच्या विरुद्ध साक्ष दिली. आता नीट बघायला गेलं तर त्याच्या विरुद्ध नव्हेच. तिथं फौजदारी खटला राजाच्या नावानं चालतो. म्हणजे मी राजाच्या विरुद्ध साक्ष दिली. राजानं काही मनावर घेतलं नाही, तुझ्या बाबानं घेतलं.

त्याची बाजू तू घरात ऐकलीच असशील. आता माझी ऐक.

तुझी आजी, म्हणजे माझ्या वन्सं, घरात पडल्या आणि त्यांचं कमरेचं हाड मोडलं, तेव्हा मी महिनाभर मदतीला तिकडे गेले होते. तू शाळेत होतीस आणि दिवसभर तुझ्या घरी कोणी नसायचं. सकाळ-संध्याकाळ एक बाई यायची वन्संना आंघोळ घालायला. तिथलीच गोरी बाई, पन्नाशीची, कोणालाही 'लव्ह' म्हणून हाक मारणारी. वन्संना इंग्रजी येत नव्हतं आणि तिला मराठी येत नव्हतं, त्यामुळे दोघींचं फार चांगलं जमायचं.

पण वन्संना एक गोष्ट खुपायची. बाईचे हात. "अगं, ही माझं सगळं करते, आणि हात बघ कसे भुंडे. काचेचीसुद्धा नाही ग एक. मला बघवत नाही." मी म्हटलं, "वन्सं, या देशात सगळ्यांचेच हात भुंडे असतात." त्या माझ्या मनगटांकडे बघून म्हणाल्या, "तुझे तर जर्मनीतसुद्धा असतात." चाळीस वर्षं हा टोमणा ऐकत होते मी. फॅक्टरीत कामाला लागले तेव्हा मशीनजवळ बांगड्या चालत नव्हत्या म्हणून काढल्या, त्या राहिल्याच काढलेल्या.

तर एका सकाळी काय झालं, आंघोळ चालली होती आणि मी टॉवेल घेऊन न्हाणीघराच्या दारात उभी होते. वन्संनी मला त्यांची डबी आणायला सांगितली. तुझे आजोबा गेल्यावर काढून ठेवलेल्या सोन्याच्या पाटल्या होत्या त्यात. बाईचे हात साबणानं बुळबुळीत झालेले. वन्संनी तिचा हात धरला आणि एक पाटली सर्रकन चढवली. मग दुसरी. बाई घाबरली. "नो नो, माय लव्ह, आय कान्ट." वन्सं म्हणाल्या, "घाल म्हणते ना!" बाईनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "इज शी शुअर?"

आणि मी, माझ्या फॅक्टरीतल्या इंग्रजीत, म्हणाले, "येस येस. शी गिव्ह."

एवढंच. टॉवेल दिला आणि आमटी बघायला गेले. खोटं कशाला बोलू, थोडी चिडूनच गेले. त्या पाटल्यांवर माझा डोळा होता.

पुढे मी परत आले. वन्संना हळूहळू विसर पडायला लागला. वर्षभरानं तुझ्या बाबानं डबी उघडली, ती रिकामी. आईला विचारलं तर एक दिवस म्हणायच्या "दिल्या", दुसऱ्या दिवशी म्हणायच्या "कुठल्या पाटल्या?" पोलिस आले. बाईच्या कपाटात पाटल्या सापडल्या, मऊ कागदात गुंडाळलेल्या, मोज्यांच्या खाली. तिच्या कंपनीत भेटवस्तू घ्यायला बंदी, म्हणून बिचारीनं लपवल्या होत्या. लपवलेली वस्तू म्हणजे चोरीची वस्तू, हे जगातल्या सगळ्या पोलिसांचं एकमत आहे.

तुझ्या बाबाचा फोन आला. मी म्हटलं, "अरे, दिल्या त्यांनी. मी होते तिथं." तो म्हणाला, "मामी, तुला नीट आठवत नसेल. आणि तू यात पडू नकोस. आमच्या घरातली गोष्ट आहे." आमच्या घरातली! चाळीस वर्षं मी कुठल्या घरात होते कोण जाणे. पण गप्प बसले. हे मी तुला सरळ सांगते, चौदा महिने मी गप्प बसले. घरात वाद नको, यांच्या बहिणीचं घर, असं म्हणून. तिकडे ती बाई कामावरून गेली. म्हाताऱ्यांची सेवा करायची आता बंदीच, म्हणून एका बेकरीत पाव पाकिटात भरायची. चोर ठरली असती तर तेही गेलं असतं. आणि मी इथं बसून घरातली शांतता सांभाळत होते.

मग तिच्या वकीलीणबाईचं पत्र आलं. बाईला आठवत होतं, "जर्मनीहून आलेली वहिनी दारात टॉवेल घेऊन उभी होती." पत्र यांनी दोनदा वाचलं. हे म्हणजे तुझे मामाआजोबा, गेर्लिंगेनला जन्मभर नकाशे काढले त्यांनी, एक रेघ जास्त काढायचे नाहीत. शेवटी म्हणाले, "खरं सांग. पण कमी सांग."

"अहो, मी कधी कमी सांगितलंय का?"

"तीच तर भीती आहे."

आता इंग्लंडचा न्याय कसा चालतो ते ऐक. पहिली तारीख पडली तेव्हा तिकडच्या वकिलांनी फी वाढवून मिळेपर्यंत काम थांबवलं होतं. दुसरी तारीख सात-आठ महिन्यांनी, तर त्या दिवशी न्यायाधीश दुसऱ्या खटल्यात अडकले. तिसऱ्या तारखेला सगळे हजर, फक्त मराठीचा दुभाषा नाही. त्यांनी एका गुजराती माणसाला पाठवलं होतं, तो प्रामाणिक निघाला आणि आपणहून घरी गेला. या सगळ्यात वन्सं वारल्या. ज्यांच्या पाटल्या त्या गेल्या आणि खटला मात्र रांगेत उभाच. आता पेपरात वाचते की रांग फार वाढली म्हणून असल्या खटल्यांतून ज्यूरीच काढायची, एकट्या न्यायाधीशानं ऐकायचं, असं तिथलं सरकार म्हणतंय. दुकानात गर्दी झाली म्हणून गिऱ्हाईकांना बाहेर काढण्यातला प्रकार.

चौथ्या तारखेच्या आधी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं विमानाला मनाई केली. वकील म्हणाली, हरकत नाही, व्हिडिओवरून साक्ष द्या. मी म्हटलं, उत्तम, स्वयंपाकघरात टॅबलेट उभा करते. तर नाही! जर्मनीच्या जमिनीवर बसलेल्या माणसाला इंग्लंडच्या कोर्टानं प्रश्न विचारायचे तर आधी जर्मनीची परवानगी पाहिजे. अर्ज, त्याचं भाषांतर, त्याच्यावर शिक्का. मला आपलं वाटलं, आमच्या देशात येऊन दीडशे वर्षं प्रश्न विचारत होता, तेव्हा कुठल्या खिडकीवर अर्ज दिला होता बाबांनो?

तर इथल्या कोर्टात एका खोलीत मला टेर्मिन, म्हणजे ठरवून दिलेली वेळ, मिळाली. मोठा पडदा, कॅमेरा, आणि शेजारी एक जर्मन अधिकारी. त्यानं बसल्या बसल्या सांगितलं, "आल्झो, खोली साडेतीनपर्यंत आहे." म्हणजे साडेतीनला त्याचा फायराबेंड, कामावरून सुट्टी. इंग्लंडचं घड्याळ एक तास मागे, त्यात त्यांची जेवणाची सुट्टी. न्याय किती वाजेपर्यंत मिळेल ते त्यानं आधीच सांगून टाकलं, बरं झालं.

पडद्यावर न्यायाधीश, दोन वकील आणि दुभाषी बाई. ही या वेळी कशीबशी मिळाली होती, नागपूरकडची, गोड बोलणारी. ज्यूरी मला दिसत नव्हती. शपथ कशावर घेणार असं विचारलं. मी म्हटलं, शपथ नको, लहानपणापासून 'आईशप्पथ' आम्ही थापा मारतानाच म्हणत आलोय. नुसतं खरं सांगते असं वचन देते. दुभाषी बाईनं त्यातलं किती सांगितलं माहीत नाही. न्यायाधीश हसले मात्र.

तुझ्या बाबाच्या बाजूचा, म्हणजे राजाचा वकील उभा राहिला. उंच, सभ्य, आवाज लोण्यासारखा. त्यानं विचारलं, ओळखीच्याही नसलेल्या बाईला एवढं सोनं कोणी का देईल?

"हात भुंडे होते म्हणून."

दुभाषी बाई अडली. भुंडे म्हणजे काय सांगायचं? तिनं आधी काहीतरी सांगितलं, त्यावर वकील म्हणाला, "साक्षीदार शिंगांबद्दल बोलतेय का?" मग तिनं परवानगी घेऊन समजावलं की बांगड्या नसलेले हात.

वकील म्हणाला, "मनगटं उघडी होती, एवढंच कारण?"

"एवढंच म्हणजे? त्यांच्या डोळ्यांना ते सहन होत नव्हतं."

"मॅडम, तुमची मनगटंही उघडी दिसतायत. तुम्हाला त्यांनी पाटल्या दिल्या नाहीत?"

"मला कशाला देतील? मी भावजय आहे."

याचं भाषांतर झालं, पण पोचलं नसावं. निदान पडद्यावर कोणी हललं नाही. नंतर वकीलीणबाईनं सांगितलं की ज्यूरीतल्या एका आपल्याकडच्या दिसणाऱ्या बाईनं तेव्हा हळूच आपल्या उघड्या मनगटावर बाही ओढली. आता तूच सांग, एकट्या न्यायाधीशाला कुठून असणार ग नणंद-भावजयीचं ज्ञान? बारा माणसांत एक तरी सासुरवाशीण निघते.

मग तो म्हणाला, वन्संना तेव्हा कळत तरी होतं का? मी म्हटलं, त्याच सकाळी माझ्या आमटीत गूळ कमी पडला हे त्यांनी वासावरून ओळखलं होतं.

आणि मग त्यानं खरा नेम धरला. मी आमटीकडे होते, पाटल्या चढवताना मी पाहिलं नाही, असं त्याचं म्हणणं. दुभाषी बाईनं विचारलं, "तुम्ही पाहिलं..." आणि माझी खोड तुला माहीतच आहे, वाक्य पुरं होऊ न देता मी म्हणाले, "हो!" तिकडे तिचं वाक्य पुरं झालं, "...नाही, हो ना?" आणि माझा 'हो' त्या 'नाही'ला जाऊन चिकटला. वकील लगेच म्हणाला, "म्हणजे तुम्ही पाहिलं नाही हे तुम्हाला मान्य आहे."

चार वर्षं थांबलेल्या त्या बाईचं नाव माझ्या एका आगाऊ 'हो'पायी बुडतंय असं दिसलं. माझ्या तोंडून एकदम मोठ्यानं निघालं, "डॉख!"

दुभाषी बाई म्हणाली, "हा शब्द मराठी नाही." माझ्या शेजारचा अधिकारी, ज्याला दोन तासांत एक अक्षर कळलं नव्हतं, तो जोरात मान डोलवून म्हणाला, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. मग बोलायची परवानगी नाही हे आठवून घड्याळाकडे बघायला लागला.

न्यायाधीशांनी अर्थ विचारला. मी म्हटलं, "समोरचा 'नाही ना?' म्हणतो, तेव्हा त्याचं 'नाही' खोडून काढायला जर्मनांनी हा एक शब्द ठेवलाय. मी पाहिलं. दारात उभी राहून पाहिलं. आणि दिल्यात असं त्या बाईला मीच सांगितलं, इंग्रजीत." न्यायाधीश लिहून घेताना म्हणाले, असा शब्द इंग्रजीत असता तर कोर्टाचा पुष्कळ वेळ वाचला असता.

वकिलाचा शेवटचा प्रश्न, "हे चौदा महिने का सांगितलं नाहीत?"

ह्यांनी कमी सांग म्हटलं होतं. पण इथं कमी सांगायला काही उरलंच नव्हतं. मी म्हटलं, "नात्यातली माणसं दुखावतील म्हणून. चूक झाली. तिची भरपाई त्या बाईनं केली, मी नाही." तीन वाजून चोवीस मिनिटं झाली होती. बाहेर बाकावर हे डबा घेऊन बसले होते. मला बघून त्यांनी तो उघडला.

दोन दिवसांनी ज्यूरीनं तिला निर्दोष सोडलं. आणि आता गंमत बघ. पाटल्या कायद्यानं तिच्या झाल्या, तर तिनं वकिलाकडून निरोप पाठवला की मला नकोत, आजींच्या मुलाला परत द्या. तुझा बाबा म्हणाला, तिच्याकडून मी काही घेणार नाही. ज्या सोन्यासाठी चार वर्षं भांडण, ते आता कोणालाच नको. वकीलीणबाईच्या कपाटात एका पाकिटात पडलंय. तिनं मला विचारलं, मी म्हटलं, बाई ग, मला तर मुळीच नको, नाही तर तो लोण्यासारख्या आवाजाचा वकील परत उभा राहील.

तुझ्या बाबाचा मला राग नाही. आईच्या वस्तू कोणी नेल्या असं वाटलं की माणूस जीव तोडून भांडतो, आणि आई नीट आठवेनाशी झालेली असली की जास्तच. मी त्याला तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. पण यात तुला ओढायचं नाही मला, आणि तू चोरून यावंस असंही नाही. लपवलेल्या गोष्टीचं काय होतं ते आपण पाहिलंय. म्हणून त्याला आधी स्पष्ट सांग, "मी मामीआजीकडे चाललेय." रागावला तर रागावू दे, सांगून ये. हे स्टेशनवर घ्यायला येतील, गाडी किती का लेट असेना. येत्या शनिवारी जमतंय का बघ. नाही तर त्याच्या पुढच्या. पण लवकर ये ग.