नंदुरबारहून आणलेली बॅटरी

मोटार सुरू करायचं हँडल उलटं फिरलं आणि डॉक्टरांचं उजवं मनगट मोडलं, तेव्हा मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. आधी इंजिनाचा एक फुसका आवाज आला, मग त्यांची शिवी ऐकू आली. डॉक्टर कधी शिवी देत नसत, म्हणून मी सूप टाकून धावले. ते मोटारीपुढे जमिनीवर बसले होते. हात मांडीवर ठेवलेला, चेहरा पांढरा.

"काही नाही. मोडलाय," ते म्हणाले. "आत चल, फळ्या काढ. मी सांगतो तसं बांध."

लग्न होऊन मी धुळ्याहून तळोद्याला आले, तेव्हापासून गावासारखं मीही त्यांना डॉक्टरच म्हणत असे. दवाखाना घरातच होता, मागच्या खोलीत दोन खाटा. मोटार त्यांनी एका व्यापाऱ्याकडून जुनी घेतली होती. कापडी टपाची, उघडी. लढाई नुकतीच संपली होती, पेट्रोल अजून कुपनावर मिळे आणि मोटारीचं कुठलंच सामान धड मिळत नसे. त्या पावसाळ्यात बॅटरीने मान टाकली होती. डॉक्टर मोटार उताराला उभी करत. उतार नसेल तिथे रोग्याचे नातेवाईक ढकलत. आजाऱ्याला तपासून डॉक्टर बाहेर येत आणि घरातल्या पुरुषांना म्हणत, "चला, आता मला ढकला." ढकलायला कोणी नसलं, की हँडल होतंच.

आता हँडलही संपलं. त्यांच्या हाताला प्लास्टर, आणि माझ्या हातात ते हँडल फिरवण्याएवढा जोर नव्हता. मोटार चालवायला मात्र मला येत होती. आदल्या उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात डॉक्टरांनीच शिकवली होती. वाळूत वळणं घेताना कोणाला लागण्याची भीती नव्हती. गावातल्या बायका काठावर उभ्या राहून बघत.

डॉक्टरांना एका जागी बसणं माहीत नव्हतं. प्लास्टर बांधून दोन दिवस होत नाहीत तोच ते अंगणात येरझारा घालू लागले. त्यांच्या डोक्यात अक्कलकुव्याच्या शाळामास्तरांची बायको होती. पहिलटकरीण, आठवा महिना. मागच्या खेपेला तपासलं तेव्हा तिच्या पायांवर सूज होती, रक्ताचा दाबही चढलेला.

"तिला इथे आणून ठेवायला हवं," ते म्हणत. "झटके सुरू झाले तर तिथे कोण आहे? बैलगाडीत ती टिकणार नाही. आणि मोटार वाटेतल्या नाल्यात बंद पडली तर पाण्यात उभं राहून हँडल कोण मारणार? बटण दाबून इंजिन सुरू करणारा सेल्फ चालायलाच हवा."

म्हणजे बॅटरी हवी, आणि बॅटरी नंदुरबारला. तापीवर तेव्हा पूल नव्हता. डॉक्टरांकडे रोज रोगी येत होते, त्यामुळे जायचं मीच ठरलं. मोटारीत बॅटरी पायाखालच्या फळ्यांच्या तळाशी, एका लोखंडी खोबणीत बसायची. मी त्या खोबणीची लांबी, रुंदी, उंची सुतळीने मोजली आणि गाठी मारल्या. निघताना डॉक्टर बैलगाडीमागे चालत आले.

"नवीच आण. पट्ट्या बदलून भरलेली जुनी आणू नकोस. आणि सहा व्होल्टची, हे विसरू नकोस."

आमच्या ओळखीचे एक गुजर शेतकरी केळी घेऊन बाजाराला निघाले होते. त्यांच्या गाडीत केळीच्या घडांमध्ये मोडीत द्यायची जुनी बॅटरी गोणपाटात गुंडाळून ठेवली. तिच्यातलं तेजाब सांडू नये म्हणून मी सबंध वाट तिच्यावर हात ठेवून बसले. नावेत चढवताना शेतकरीकाका म्हणाले, "बाई, हाई बॅटरी शे का लोखंडानी पेटी?" काठापासून काठापर्यंत मला एकच दिसत होतं, सुजलेले पाय. ती बाई मी कधी पाहिली नव्हती, पण पाय दिसत होते.

नंदुरबारच्या बाजारात सायकली आणि मोटारीचं सामान विकणारं एक मोठं दुकान होतं. दुकानदाराने आधी लष्करातून लिलावात आलेली एक भलीमोठी बॅटरी दाखवली. बारा व्होल्टची. ती आमच्या मोटारीला लावली असती तर दिवे जळून गेले असते. मग त्याने वरच्या फळीवरून एक बॅटरी उतरवली. कोरी, काळी कुळकुळीत, कंपनीचा कागदही चिकटलेला. सुतळी लावली, तंतोतंत बसली.

"लढाईच्या आधीचा माल आहे, ताई," तो म्हणाला. "ही गेली की दुसरी नाही. आत्ता घेऊन जा."

'आत्ता' हा शब्द माझ्या कानात घुमला. दुपारची नाव मिळेल, रात्रीपर्यंत घर, उद्या सकाळी अक्कलकुवा. पिशवीत हात घातलाच होता. पण डॉक्टर औषधाची कुठलीही बाटली घेतली तरी आधी उजेडापुढे धरून बघायचे, ते मला आठवलं. मी म्हटलं, "हिच्यावर मोटारीचा दिवा लावून दाखवा."

दुकानदाराला ते आवडलं नाही, पण त्याने लावला. दिवा झगझगीत पेटला. मी बघत राहिले. पाणी पिऊन झालं, तोवर दिव्याची तार पिवळी झाली, मग शेंदरी, मग विझायला आलेल्या निखाऱ्यासारखी. दुकानदारही खाली वाकून बघत होता. त्यानेही ती बॅटरी कधी लावून पाहिली नव्हती.

"चार्ज केली तर उठेल," तो म्हणाला, पण आता आवाज उतरला होता. "मशिदीमागे बॅटऱ्या भरणारे चाचा आहेत, त्यांना दाखवा. पसंत पडली तर न्या, नाहीतर परत आणा."

चाचांचं दुकान म्हणजे एक पडवी. शिशाच्या पत्र्यांचे ढीग, लाकडाच्या पातळ चकत्या, चुलीवर वितळणारं डांबर. त्यांच्या बोटांना तेजाबाने भोकं पडलेली होती. त्यांनी काचेच्या नळीने नव्या बॅटरीच्या तिन्ही खणांतलं तेजाब ओढून पाहिलं.

"चांगली आहे का?" मी विचारलं.

"कसं सांगू? तेजाब टाकीसन तशीच पडेल व्हती. चार्जवर ठेवली आन जागी व्हयनी, ते दोन वरीस चाली. नही व्हयनी, ते रस्तामां झोपी जाई."

"आणि तुमच्याकडे?"

त्यांनी कोपऱ्यातली एक बॅटरी पुढे ओढली. पेटी जुनी, एका कोपऱ्यावर टवका उडालेला. आतल्या पट्ट्या त्यांनी नव्या घातल्या होत्या, वरून डांबर ओतलं होतं. दिसायला ती आमच्या मेलेल्या बॅटरीची बहीण. तिच्यावर दिवा लावला. तो फारसा झगझगला नाही, पण होता तसा राहिला. मी घाईने डोळे मिटले, उघडले. तसाच.

"ही किती चालेल?"

"बाई, मी खोटं बोलाव नही. होळीलगून चाली. त्यानापुढं मी काय सांगू? पन आजच लई जाऊ नका. चार्ज पुरा नही. उद्या सांजलगून थांबनं पडी."

म्हणजे आणखी एक दिवस. मी पडवीत उभी राहून दोन्ही बॅटऱ्यांकडे बघत राहिले. एक दोन वर्षं चालेल किंवा दोन तास. दुसरी होळीपर्यंत. डॉक्टर म्हणाले होते नवीच आण. पण दुकानातला तो शेंदरी होत गेलेला दिवा डोळ्यांपुढून हलेना. मला दोन वर्षं नको होती. मला एक नाला ओलांडायचा होता. मी टवका उडालेल्या बॅटरीवर हात ठेवला. "ही."

नवी मी दुकानात परत दिली. नंदुरबारला चार्जिंग पिठाच्या गिरणीत होई. गिरणीच्या तेलाच्या इंजिनावर पट्टा टाकून डायनॅमो फिरवत, आणि इंजिन दळण असेपर्यंतच चाले. मी एका ओळखीच्या कंपाउंडरांच्या घरी उतरले. त्यांच्या बायकोने पाट मांडला, पण मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर मी गिरणीवर. बॅटरीच्या बुचांतून बारीक बुडबुडे येत होते, आंबट वास सुटला होता. परत घरी आले. पुन्हा गेले. दुपारी गिर्‍हाईक कमी झालं आणि मालकाने इंजिन बंद केलं, तेव्हा मला रडू यायचं बाकी राहिलं. मी कंपाउंडरांच्या बायकोला विचारलं, "घरात ज्वारी आहे ना? दळून आणू?" ती हसायला लागली. शेजारणींच्या डब्यांसकट दळण घेऊन गेले आणि इंजिन पुन्हा सुरू करवलं. दळणाला बसलेल्या बायकांना वाटलं, बाई डोक्याने जराशी सरकलेली आहे. एकीने विचारलं, "तुन्हा घरमां लगीन शे का व?"

तिसऱ्या दिवशी तापी उतरून घरी पोचले तर डॉक्टर फाटकात उभे. त्यांनी बॅटरी पाहिली.

"जुनी?"

"नवी मेलेली होती."

ते पुढे बोलणार होते, पण वेळ नव्हता. अक्कलकुव्याच्या बाजारातून सकाळीच आलेल्या एका गाडीवानाने मास्तरांचा निरोप आणला होता: बायकोचं डोकं फुटायला आलंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. डॉक्टरांनी डाव्या हाताने फळी उचलली. मी बॅटरी खोबणीत उतरवली, तारा आवळल्या, सेल्फ दाबला. इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. डॉक्टर बाजूच्या जागेवर जाऊन बसले.

नाल्याला पाणी फळीपर्यंत होतं. मी हळू घालायला हवी होती की जोरात, हे आजही मला सांगता येणार नाही. मध्यावर इंजिन खोकललं आणि बंद पडलं. पाणी दारातून आत येऊन माझ्या पायांवर आलं. मी सेल्फ मारला. इंजिन नुसतं फिरलं, पेटलं नाही. पुन्हा मारला, तेच.

"थांब," डॉक्टर म्हणाले. "पहिल्या गिअरमध्ये टाक. क्लच सोड. आता सेल्फ दाबून धर."

मोटार हलली. इंजिन बंद आणि मोटार चालतेय. बॅटरीच्या जोरावर ती पाण्यातून एखाद्या म्हाताऱ्या म्हशीसारखी, गचके खात पुढे सरकत होती. प्रत्येक गचक्याला ती कण्हायची आणि मला वाटायचं, आता संपली. पुढची चाकं वर चढली, मग मागची. मी बोट काढलं, उतरून बॉनेट उघडलं. पदराने आतल्या तारा आणि प्लगच्या टोप्या पुसल्या. सेल्फ पुन्हा दाबला, तेव्हा इंजिन इतकं सावकाश फिरलं की मला एकेक फेरा ऐकू येत होता. पण लागलं.

"आता तिथे पोचल्यावर इंजिन बंद करायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "काही झालं तरी."

म्हणून अक्कलकुव्याला मी मोटारीतच बसून राहिले, पाय ॲक्सिलरेटरवर. इंजिन जरा हळू झालं की माझं काळीज हळू होई. भोवती पोरंबाळं, बाजाराला आलेली डोंगरातली माणसं जमली. आतून डॉक्टरांचा आवाज चढलेला ऐकू येत होता. मग मास्तरांची आई बाहेर ओट्यावर आली. ठेंगणी, ताठ म्हातारी. तिने आधी मोटारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गाडी कोन हाकी?"

"मीच."

"बाईमानूस? मन्ही सून पोटुशी शे. मी नही धाडाव."

डॉक्टर तिच्यामागे येऊन समजावू लागले. मला खाली उतरता येत नव्हतं. मी बसल्या जागेवरून म्हणाले, "आई, तापी ओलांडून बॅटरी मी आणली. नाल्यातून मोटार मी काढली. तुम्हीही चला, माझ्या शेजारी बसा."

"माले नही बसनं तुन्हा गाडीमां."

तेवढ्यात सून स्वतःच दारात आली. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले. भिंत धरत धरत ती पायऱ्या उतरली, सासूच्या अंगावरून पुढे आली आणि कुणाचाही हात न धरता मागच्या गादीवर चढली.

"मी बठनू," ती म्हणाली. "चाला."

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. मग आत गेली, एक गोधडी आणून सुनेच्या पायांवर घातली आणि परत ओट्यावर जाऊन उभी राहिली.

परतताना इंजिनावर पाणी उडू नये म्हणून मास्तरांनी रेडिएटरपुढे गोणपाट बांधलं आणि नाल्यात स्वतः पुढे चालत गेले, कमरेपर्यंत भिजत, कुठे खोल आहे ते दाखवत. इंजिन एकदाही बंद झालं नाही. दवाखान्याच्या दारात मी चावी फिरवली तेव्हा एवढी शांतता झाली, की मला ती सोसेना.

संध्याकाळी तिला झटका आला. डॉक्टर एका हाताने सुई भरू शकत नव्हते. ती मी भरली. उजेडाने पुन्हा झटका येऊ नये म्हणून पडदे ओढले, खोलीत अंधार केला. पहाटे मुलगी झाली, हाताच्या पंजाएवढी, पण रडली. तिला कापसात गुंडाळून मी चुलीशेजारी घेऊन बसले. आईला शुद्ध यायला दुपार झाली. दुसऱ्या दिवशी म्हातारी बैलगाडीने आली. नात मांडीवर घेऊन बराच वेळ बसली, नंतर मला म्हणाली, "चहा कर, तुबी ले." एवढंच.

दसऱ्याला डॉक्टरांचं प्लास्टर निघालं. मनगट जरा वाकडंच जुळलं होतं, पण स्टिअरिंग धरता येत होतं. ते पुन्हा स्वतः चालवू लागले. मी शेजारी बसे. गाडी उभी करताना ते अजून सवयीने उतार शोधत, आणि मी बाहेर बघत, उजव्या पायाने उगाचच खालची फळी दाबत राही. एक दिवस शहाद्याच्या वाटेवर ते म्हणाले, "काय चाललंय तुझं?"

"काही नाही."

त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं, कडेला घेऊन मोटार थांबवली आणि उतरून माझ्या बाजूच्या दाराशी आले.

"सरक," ते म्हणाले.